आंब्यावरील कुंचलेवाला सुरवंट व त्याची बिनपंखी मादी

गेल्या भाद्रपदांत आपल्या मंडळाच्या एका सभासदांनीं आंब्याच्या कलमाची एक डहाळी कागदांत गुंडाळून आमच्याकडे आणून दिली. डहाळीवरील दोन पानें रेशमी धाग्यांनीं एकमेकांस जोडलेलीं होतीं. त्यांच्या बेचक्यांत मळकट रंगाचें, विरळ विणीचें एक पुटकुळें होतें, आणि त्या पुटकुळ्यावर राखी रंगाचा, फुगीर, लवदार असा एक जीव पाय रोवून बसला होता. काडीनें डंवचलें तर तो थोडा हाले, पण जागा सोडीना. हा कोळी समजावा, अर्धमेला सुरवंट समजावा, कीं कोशांतून निघतांना पंख गमावलेलें एखादें दुर्दैवी पाखरूं समजावें, असा त्या सभासदांचा प्रश्न होता.

तिन्ही तर्क चुकीचे होते; पण त्याबद्दल आम्हांस हंसूं आलें नाहीं. आम्हींही हा जीव पहिल्यानें पाहिला तेव्हां कोळी समजून झाडावरच राहूं दिला होता. कोळी हा बागाइतदाराचा मित्र, त्यास कशाला मारा, असा आमचा त्या वेळचा विचार! महिना उलटण्याच्या आंत आमच्या बागेच्या रानाकडील कांठावरील कलमांची सारी कोंवळी पालवी खाऊन फस्त झाली, आणि मग आमच्या ‘कोळ्या’ची ओळख आम्हांस नीट पटली. ज्यांस अद्याप ती पटलेली नाहीं त्यांच्याकरितां हा लेख आहे.

हा जीव म्हणजे एका पतंगाची पूर्ण वाढ झालेली मादी होय. तिचें कोणतेंही अंग गळालेलें नसतें किंवा अर्धवट राहिलेलें नसतें. तिला उडण्याजोगे पंख जन्मतःच नसतात. पंखांच्या जागीं केवळ बारीक खुंट असतात, आणि तेही लवेंत झांकून जातात. शास्त्रीय भाषेंत ह्या पतंगास ऑर्जिया पोस्टिका असें नांव आहे. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस वॉकर यांनीं १८५५ सालीं त्याचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. भारत व श्रीलंका येथपासून म्यानमार, मलाया, फिलिपाइन्स, तैवान व थेट न्यू गिनीपर्यंत त्याचा संचार आहे. ज्या गणांत हा पतंग मोडतो त्यास इंग्रजींत ‘टसॉक मॉथ’ म्हणतात. टसॉक म्हणजे गवताचा झुबका. ह्या गणांतील पुष्कळशा सुरवंटांच्या पाठीवर केंसांचे तसे झुबके असतात म्हणून हें नांव पडलें. पूर्वीं ह्या पतंगांचें एक स्वतंत्र कुळ मानीत असत. अलीकडे एरेबिडी नांवाच्या मोठ्या कुळांतील तें एक उपकुळ समजलें जातें. आपल्या शेतकरी बंधूंच्या तोंडीं मात्र केंस असलेली अळी दिसली कीं ती ‘सुरवंट’, एवढ्यावरच बहुधा काम भागतें. इतक्या भिन्न जातींची एकाच नांवावर बोळवण केल्यानें उपाययोजनेंत घोटाळा होतो; यास्तव ह्या लेखापुरतें आम्ही त्यास ‘कुंचलेवाला सुरवंट’ असें म्हणणार आहों.

आतां ओळखीकडे वळूं. पूर्ण वाढलेला सुरवंट सुमारें एक ते दीड इंच लांब असतो. ज्या सुरवंटापासून पुढें मादी व्हावयाची तो, नर व्हावयाच्या सुरवंटाहून चांगलाच मोठा व जाड असतो. डोकें तांबडें, जवळ जवळ पोंवळ्याच्या रंगाचें. अंग तपकिरी-पिवळसर, पाठीच्या मध्यावर काळसर झांक. परंतु खरी खूण केंसांत आहे. पाठीवर, पायांच्या तीन जोड्या जेथें संपतात त्याच्या किंचित् मागें, फिकट पिवळ्या किंवा सायीसारख्या रंगाचे चार दाट झुबके एकामागें एक उभे असतात. केंस वर सारख्या उंचीवर कातरल्यासारखे दिसतात; रंगाऱ्यानें आपले चार नवे कुंचले ओळीनें उभे करून ठेवावे तसें तें दृश्य असतें. डोक्याच्या दोन्ही बाजूंस काळ्या लांब केंसांची एकेक बट पुढें शिंगासारखी निघालेली असते, आणि शेपटाकडे तशीच एक बट पाठीमागें झुकलेली असते. चार कुंचले, दोन शिंगें व एक शेंडी, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे आंब्यावर नेहमीं दिसणाऱ्या इतर केंसाळ अळ्यांतून हा सुरवंट बहुतेक निवडतां येतो.

भिंग जवळ असल्यास आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी. पोटाच्या सहाव्या व सातव्या वळ्यांवर, पाठीच्या अगदीं मध्यावर, एकेक लहानसा रंगीत उंचवटा असतो. तो तांबूस किंवा नारिंगी दिसतो. ह्या ग्रंथी होत. त्या साऱ्या टसॉक पतंगांच्या सुरवंटांस असतात, आणि भुईमुगावर किंवा सूर्यफुलावर येणाऱ्या ज्या केंसाळ अळ्या आपणांस परिचित आहेत त्यांस नसतात. केंसांचा रंग वयाप्रमाणें व जातीप्रमाणें पालटतो, पण ही खूण सहसा फसवीत नाहीं. शेतकऱ्यानें खिशांत चाकू असतो तसें एक स्वस्त भिंगही बाळगावें असें आम्हांस फार दिवस वाटत आलें आहे.

अगदीं लहानपणीं मात्र हा सुरवंट ओळखण्यास कठीण असतो. अंड्यांतून निघालेलीं पिलें काळसर, दोरीच्या तुकड्याएवढीं बारीक आणि अंगाच्या मानानें फारच लांब केंसांचीं असतात. तीं पानाचा केवळ वरचा गर खरवडून खातात, त्यामुळें पानावर जाळीदार, कागदासारखे पातळ डाग पडतात. मोठे झाल्यावर सुरवंट पानाच्या कडेपासून आंत कुरतडीत जातात व शेवटीं मधली शीर तेवढी उरते. पानांनीं भागलें नाहीं तर मोहोर व नुकत्याच धरलेल्या फळांची सालही ते सोडीत नाहींत. फळाच्या सालीवरील असला खरवडलेला डाग फळाबरोबर मोठा होतो आणि बाजारांत त्या फळाचा भाव उतरतो. पानाच्या नुकसानीपेक्षां ह्या नुकसानीकडे आमचें लक्ष उशिरां जातें.

वाढ पुरी झाली कीं सुरवंट पानांच्या बेचक्यांत, सालीच्या भेगेंत किंवा फांदीच्या खालच्या अंगास विरळ कोश विणतो, आणि विणतांना आपल्या अंगावरील केंसही त्यांत गुंफतो. यामुळेंच कोश हातीं घेतल्यास सुरवंटाइतकीच खाज सुटते. अंडीं साधारणपणें आठवड्याभरांत फुटतात. सुरवंटाची अवस्था दोन ते चार आठवडे चालते. कोशांतील मुक्काम पुनः आठवड्याच्या आसपास. म्हणजे सव्वा-दीड महिन्यांत एक फेरा पुरा होतो व वर्षांत असे अनेक फेरे होतात. आमच्या पाहण्यांत पावसाळा ओसरतांना, नवी पालवी कोंवळी असतांना, ह्या सुरवंटांचा उपद्रव विशेष जाणवतो.

नराविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. तो तपकिरी रंगाचा, गडद पट्ट्यांचा, पंख पसरले असतां इंचभर भरणारा साधा पतंग आहे. त्याच्या मिशा मात्र पिसासारख्या दुहेरी दातऱ्यांच्या असतात, आणि त्या मिशांनीं तो मादीचा वास दुरून हुंगीत येतो.

मादीची कथा निराळी आहे. कोशांतून बाहेर पडल्यावर ती त्याच कोशाच्या पाठीवर चढून बसते आणि पुढें तेथून हालतच नाहीं. तोंडाची सोंड निरुपयोगी असल्यामुळें ती कांहीं खात नाहीं. तिच्या शरीराचा बहुतेक भाग अंड्यांनीं व्यापलेला असतो. चालतां येण्याइतके पाय आहेत, पण चालण्याची इच्छा नाहीं. बसल्या जागेवरून ती एक गंध सोडते व नर तिच्याकडे येतो. २००१ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं हा गंध वेगळा काढून त्याचें रासायनिक रूप निश्चित केलें व त्यास ‘पॉस्टिक्ल्यूअर’ असें नांव दिलें. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांतील आंब्याच्या बागांतही ह्याच सुरवंटाचा उपद्रव होतो. नराशीं संयोग झाल्यावर ती त्याच कोशावर, जणूं अंथरूण पसरलें आहे अशा रीतीनें, पांढुरकीं वाटोळीं अंडीं घालीत जाते. मोजूं गेल्यास तीं शेंकड्यांनीं भरतात. अंडीं घालून झालीं कीं तिचें शरीर रिकाम्या पिशवीसारखें सुरकुतून जातें व ती तेथेंच मरून गळून पडते.

ह्या सवयींतच शेतकऱ्याचा फायदा आहे. बोंडअळीचा पतंग घ्या. मादी रात्रींतून शेतभर हिंडते आणि एक अंडें येथें, दहा तेथें असें घालीत जाते. तिचीं अंडीं वेंचून काढणें म्हणजे वाळूंतील साखर निवडणें होय. येथें मात्र एका मादीची सारी संतति एकाच कोशावर, डोळ्यांस दिसेल अशा जागीं, निदान चारपांच दिवस तुमची वाट पाहत असते. तो एक कोश काढला म्हणजे शेंकडों सुरवंट गेले. कोळी समजून किंवा कचरा समजून तो ठेवला, तर तितकेच सुरवंट आपण आपल्या हातानें पोसले. तसेंच दिव्याच्या किंवा गंधाच्या सापळ्यांवर ह्या बाबतींत फार विसंबूं नये. सापळ्यांत सांपडला तरी नरच सांपडणार. अंडीं घालणारी बया कोशावर बसूनच राहणार. सापळ्याचा उपयोग पतंग बागेंत आला आहे कीं नाहीं एवढें कळण्यापुरताच.

येथें कोणीही चतुर वाचक विचारील कीं, मादी जर जागा सोडीत नाहीं, तर ही पीडा रानांतून बागेंत आणि एका बागेंतून दुसऱ्या बागेंत येते कशी? हें काम पिलें करतात. अंड्यांतून निघालेलें पिलूं झाडाच्या टोंकाकडे चढतें, तेथून रेशमाचा एक धागा सोडून त्यास लोंबकळतें, आणि वाऱ्याची झुळूक आली कीं धागा तुटून पिलूं वाऱ्यावर तरंगत निघून जातें. अंगावरील ते लांब केंस त्यास येथें उपयोगी पडतात. ज्या झाडावर तें उतरेल तें झाड त्यास बहुधा चालतें, कारण ह्या सुरवंटाच्या खाण्यांत फारशी निवड नाहीं. आंबा, एरंड, बोर, पेरू, लिची, गुलाब, तूर, बाभूळ, ऐनाच्या कुळांतील झाडें, चहा, कॉफी, कोको अशी त्याची यादी लांबच लांब आहे. म्हणून रानाच्या कांठाची बाग व बांधावरील एरंड यांवर प्रथम नजर ठेवावी; वाऱ्याच्या दिशेस असलेल्या राईवर तर अधिकच.

पंख नसलेल्या मादीचा वंश किती दूर जाऊं शकतो याचें एक उदाहरण ह्याच गणांतील दुसऱ्या एका पतंगाचें आहे, आणि तें अमेरिकेंत घडलें. लायमँट्रिया डिस्पार ह्या युरोपांतील जातीच्या मादीस पंख असतात, परंतु तिला उडतां येत नाहीं. म्हणजे परिणाम एकच. एतिएन लेओपोल्द त्रूवेलो नांवाचे एक फ्रेंच गृहस्थ मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील मेडफर्ड गांवीं राहत असत. त्यांस निरनिराळे रेशमी किडे पोसण्याचा नाद होता. १८६८-६९ च्या सुमारास त्यांनीं युरोपांतून आणलेल्या ह्या जातीचे कांहीं सुरवंट त्यांच्या घरामागील जागेंतून निसटले. पुढें वीस वर्षें कोणास फारसें कांहीं जाणवलें नाहीं. १८८९ च्या उन्हाळ्यांत मात्र मेडफर्डमध्यें सुरवंटांचा असा लोंढा उठला कीं, झाडें उघडीं बोडकीं पडून सुरवंट घरांच्या भिंतींवर व रस्त्यांवर पसरले. दुसऱ्याच वर्षीं सरकारनें पैसा मंजूर केला. माणसें लावून झाडाझाडावरील अंड्यांचे पुंजके शोधून नष्ट करण्याचें काम दहा वर्षें चाललें, आणि पीडा खरोखरच इतकी कमी झाली कीं, आतां खर्च कशाला, असें म्हणून १९०० सालीं तें काम बंद करण्यांत आलें! पांच वर्षांच्या आंत सुरवंट पूर्वीपेक्षां कितीतरी मोठ्या मुलखांत पसरले आणि १९०५ सालीं काम पुनः हातीं घ्यावें लागलें. परंतु तोंपर्यंत वेळ गेली होती. लांकडाच्या ओंडक्यांवर व गाड्यांना चिकटून अंड्यांचे पुंजके गांवोगांव गेले आणि आज तो पतंग ईशान्य अमेरिकेचीं ओकचीं जंगलें व्यापून पश्चिमेकडे विस्कॉन्सिनपर्यंत पोहोंचला आहे. २०२२ सालीं तेथील कीटकशास्त्रज्ञांच्या संस्थेनें त्याचें जुनें इंग्रजी नांव बदलून अंड्यांच्या स्पंजासारख्या पुंजक्यावरून त्यास नवें नांव दिलें.

आमचा कुंचलेवाला सुरवंट येथलाच असल्यामुळें त्यास खाणारे शत्रूही येथेंच आहेत, आणि म्हणून अमेरिकेंतील अनर्थ आपल्याकडे होईल असें भय बाळगण्याचें कारण नाहीं. तरी दोन गोष्टी तेथील अनुभवावरून घेण्यासारख्या आहेत. एक, हातानें अंडीं वेंचण्याचा उपाय भोळसट नव्हे. तो नेटानें चालला तोंपर्यंत लागू पडला. दुसरी, पीडा दिसेनाशी झाली त्याच वर्षीं हात आंखडणें फार महाग पडतें. ह्याच मेडफर्डच्या सुरवंटाकरितां १८९०-९५ च्या दरम्यान शिशाचें आर्सेनेट हें जहाल विष प्रथम तयार करण्यांत आलें. पुढें तें जगभरच्या बागांत गेलें, आणि जुन्या बागांच्या मातींत तें शिसें व सोमल अद्याप सांपडतें. सुरवंट गेला, विष राहिलें.

सारखे दिसणारे कांहीं सोबती सांगून टाकतों, म्हणजे भलत्याच जीवावर राग काढला जाणार नाहीं. आंब्यावर व इतर झाडांवर ओलेनी मेंडोसा नांवाचा एक सुरवंट असतो. त्यासही कुंचले व पुढें काढलेल्या बटा असतात आणि प्रथमदर्शनीं फसगत होते, परंतु त्याचा एकंदर रंग राखाडी-तपकिरी असतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या मादीस पुरते पंख असून ती उडते. एरंडावर व डाळिंबावर येणारा युप्रॉक्टिस फ्रॅटर्ना हा तांबड्या डोक्याचा असला तरी त्याच्या डोक्याभोंवतीं पांढरे केंस असतात व पतंग पिवळा असतो. अंड्यांच्या पुंजक्यावर मादी आपल्या अंगाचे पिवळसर केंस पसरते. सोमेना सिंटिलान्स ह्या सुरवंटाच्या पाठीवरून पिवळा पट्टा जाऊन त्याच्या मधोमध तांबडी रेघ असते. ह्या तिघांच्या माद्या उडणाऱ्या असल्यामुळें कोश वेंचून त्यांचा पुरा बंदोबस्त होणार नाहीं. पुंजके पानांच्या खालीं शोधावे लागतात. वडावर एक सुंदर जात आहे, पेरिना न्यूडा. तिच्या नराचे पंख कांचेसारखे आरपार दिसतात आणि कोशाची वीण इतकी विरळ कीं आंतील जीव बाहेरून दिसतो. वडास तिच्यापासून फारसें भय नाहीं. मुलांस दाखविण्यासाठीं एकदां अवश्य पाहावी.

केंसांविषयीं दोन शब्द. सुरवंटाचे केंस त्वचेंत मोडून राहतात व खाज, गांधी, कधीं कधीं पुरळ उठतें. अंग चोळूं नये. चोळल्यानें केंस अधिक आंत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढावी, म्हणजे बरेचसे केंस तिच्याबरोबर निघतात. मग साबणानें धुवावें. केंस डोळ्यांत गेल्यास डोळा मुळींच न चोळतां स्वच्छ पाण्यानें धुऊन डॉक्टरांकडे जावें. घरगुती औषधें घालीत बसूं नये. कोश वेंचणाऱ्या गड्यांस जाड हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा द्यावा, आणि काम वारा पडलेला असतांना, सकाळीं लौकर करावें.

आतां बंदोबस्त. ज्या वर्षीं आमची पालवी गेली त्या वर्षीं आम्ही संतापून बागेंतील सापडतील तितके कोश गोळा केले व त्यांची होळी केली. त्यावर आणखी एका तीव्र विषाची फवारणी दिली. परिणाम काय झाला? पुढचा फेरा थोडा हलका गेला, पण त्याच्या पुढचा पहिल्यापेक्षां भारी आला. त्या वेळीं आम्हांस कारण समजलें नाहीं. नंतरच्या वर्षीं कांहीं कोश बरणींत ठेवून पाहिले तेव्हां समजलें. अनेक कोशांवरील अंड्यांतून पिलें न निघतां काळ्या, पिसवेहूनही बारीक अशा गांधीलमाशीवर्गांतील माश्या निघाल्या. ह्या माश्या सुरवंटाच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालतात आणि तें अंडें आंतून पोखरून टाकतात. दुसऱ्या कांहीं जाति सुरवंटांत व कोशांत वाढतात. सुरवंटाच्या मढ्यावर पांढऱ्या, तांदळाच्या कण्यांएवढ्या कोशांचा घोस दिसतो तो त्यांचाच. आम्हीं होळींत सुरवंटाबरोबर ह्या साऱ्यांस जाळलें होतें, आणि विषानें उरलेल्यांस मारलें होतें. सुरवंट रानांतून पुनः आला. त्याचे शत्रू तितक्या लौकर परत आले नाहींत.

तेव्हांपासून आम्ही वेंचलेले कोश जाळीत नाहीं. एक रुंद तोंडाचें मडकें घेऊन त्यांत कोश टाकतों, तोंडावर मच्छरदाणीचें कापड बांधतों, आणि मडकें पाणी भरलेल्या परातींत वीट ठेवून तिच्यावर, पडवींत, वाऱ्याच्या आड ठेवतों. पाण्यावर रॉकेलचे चार थेंब टाकतों. बारीक माश्या कापडाच्या छिद्रांतून बाहेर पडून उडून बागेंत जातात. नर पतंग निघाले तर ते आंतच राहतात. सुरवंटांचीं पिलें छिद्रांतून निसटलीं तरी खालीं पाण्यांत पडतात. तीन आठवड्यांनंतर मडक्यांत जें उरेल तें जाळण्यास हरकत नाहीं. ह्यास खर्च जवळ जवळ नाहींच; केवळ दर आठ-दहा दिवसांनीं बागेंतून एक फेरी, आणि तीही पालवी कोंवळी असतांना चुकवावयाची नाहीं.

सुरवंट इतके झाले असतील कीं वेंचून भागत नाहीं, तर ते लहान असतांनाच निंबोळीचा अर्क फवारावा. ५ किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यांत भिजवून, सकाळीं फडक्यांतून गाळून, एकंदर १०० लिटर होईल इतकें पाणी मिळवावें व थोडा साबणचुरा घालावा, म्हणजे द्रावण पानांस चिकटतें. याहूनही पीडा मोठी असेल तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या जीवाणूची भुकटी मिळते; ती पानाबरोबर सुरवंटाच्या पोटांत गेली कीं तो खाणें थांबवितो व कांहीं दिवसांत मरतो. उन्हानें तिचें सामर्थ्य लौकर जातें, म्हणून ती संध्याकाळीं फवारावी. मधमाश्यांस व वर सांगितलेल्या परोपजीवी माश्यांस तिच्यापासून अपाय होत नाहीं. मोहोराच्या दिवसांत तीव्र विषें फवारणें आम्हांस सर्वथा अयोग्य वाटतें. फलधारणा ज्या माश्यांच्या भरंवशावर, त्याच मारावयाच्या, हा कोणता हिशेब?

परंतु ह्या जीवाणूविषयींही एक इशारा आहे. तो सुरवंट आणि रेशमाचा किडा यांत भेद करीत नाहीं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसरचे, किडे पोसून शेंकडों कुटुंबें आपली गुजराण करतात. तेथें रानाच्या कांठच्या बागेंत हें औषध वाऱ्याच्या दिशेनें फवारलें तर शेजाऱ्याचें पीक हातचें जावयाचें. अशा ठिकाणीं मडकें व परात हाच उपाय पुरे समजावा, आणि फवारणें भागच असेल तर किडे पोसणाऱ्या शेजाऱ्यास आधीं सांगून, वारा पाहून करावें.

सभासदांनीं आणून दिलेली ती डहाळी आम्हीं तशीच मडक्यांत ठेविली होती. मादीनें त्याच संध्याकाळीं अंडीं घालण्यास आरंभ केला व तिसऱ्या दिवशीं ती मेली. तिचीं अंडीं घरांत घातलेलीं असल्यामुळें सारीं फुटलीं व पिलें परातींत पडलीं. तेव्हां आम्हीं त्या सभासदांस निरोप धाडिला कीं, बागेंतील उरलेले कोशही, अंडीं आधींच घातलेले, घेऊन यावे. त्यांनीं शर्टाच्या ओच्यांत नव्हे, आमच्या सांगण्याप्रमाणें डब्यांत, तीसएक कोश आणले. त्यांपैकीं बहुतेकांवरील अंडीं पांढुरकीं होतीं, पण सात-आठ कोशांवरील अंडीं काळवंडलेलीं होतीं. तीं सडलीं आहेत, फेंकून द्यावीं काय, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं तीं निराळ्या मडक्यांत ठेविलीं. पांचव्या दिवशीं सकाळीं त्या मडक्याच्या कापडावर बाहेरच्या बाजूनें काळ्या तिळाच्या टरफलासारखें कांहीं हालतांना दिसलें, आणि ऊन वर येईपर्यंत तें सारें उडून गेलें.